दोन बोटांची जागा

रस्त्याकडेला उभी असलेली कुठलीही मोटार दिसली की ते आधी खाली वाकायचे. रंग नाही, काचा नाहीत. थेट चाकाशी उकिडवे बसायचे आणि टायर व वरचं मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघायचे. बोटं आरामात गेली की मान डोलवायचे, "श्वास घेतेय." तोवर गाडीचा मालक संशयाने जवळ आलेला असायचा. त्याला नमस्कार करून हे हात झटकत पुढे चालू लागायचे.

मी बदलीवर बनारसला बँकेत रुजू झालो, तेव्हा आमच्या शाखेत मराठी बोलणारे ते एकटेच होते. वयाने मला काकासारखे. त्यांच्या कित्येक पिढ्या भोसले घाटामागच्या गल्लीत गेलेल्या, त्यामुळे मराठीत हिंदी छान मुरलेली. "अहो भैया, परेशान कशाला व्हायचं? होऊन जाईल," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. चेक हरवो, वीज जावो, वरचे साहेब रागावोत; होऊन जाईल.

असा पान खाऊन तृप्त असणारा गृहस्थ, पण त्यांची छोटी मोटार मात्र जमिनीला चिकटून चालायची. स्प्रिंगा बदलून त्यांनी ती मुद्दाम खाली बसवून घेतली होती. कॉलेजातली पोरं करतात ना, तसं. शाखेत सगळे गालात हसायचे. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात.

एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं. लग्नानंतर काही वर्षांनी ते गल्लीतलं घर सोडून सिगरा भागात तळमजल्यावर राहायला आले होते, ते बायकोसाठी, म्हणजे आमच्या वहिनींसाठी. वहिनींचे पाय लहानपणच्या पोलिओने गेलेले. त्या चाकांच्या खुर्चीत असत आणि मुलींच्या एका शाळेत गाणं शिकवत. जेवण झाल्यावर आम्ही बाहेर निघालो. वहिनींनी खुर्ची मोटारीच्या दाराशी लावली, हातांवर भार दिला आणि अलगद सरकून सीटवर बसल्या. खुर्चीची बैठक आणि मोटारीची सीट अगदी एका पातळीत होती.

"आधी रिक्षात दोघं मिळून उचलून बसवायचे," वहिनी म्हणाल्या. "मी काय पोतं आहे? यांना सांगितलं, उचलायचं असेल तर मी घरीच बसते."

गाडी खाली का बसली, ते मला तेव्हा कळलं.

पण बनारसचे रस्ते त्या गाडीसाठी नव्हते. शाळेच्या फाटकासमोर एक स्पीड ब्रेकर होता, म्हशीच्या पाठीएवढा. दर सकाळी गाडीचं पोट त्यावर घासायचं. पावसाळ्यानंतर पुढचा रस्ता खचला आणि एके दिवशी गाडी त्या ब्रेकरवर चक्क अडकून बसली. शाळेतल्या मुली धावत आल्या आणि वहिनींसकट गाडी ढकलून त्यांनी ती पलीकडे काढली. मुलींना मोठी मजा आली. वहिनी मात्र घरी येऊन म्हणाल्या, "उचलणं काय आणि ढकलणं काय. आता पुरे. मी राजीनामा देते."

दुसऱ्या दिवशी ते बँकेत आले, तेव्हा पान खाल्लेलं नव्हतं.

मग मोठी चाकं बसवायचं ठरलं. चाक मोठं झालं की गाडी थोडी वर उचलली जाते आणि तेवढ्या फरकाने वहिनींचं सरकणं अडत नाही, हा हिशेब. लहुराबीर चौकातल्या एका टायरवाल्याकडे मी त्यांच्याबरोबर गेलो. तो गाडीभोवती फिरून म्हणाला, "बाबूजी, ई गाड़ी है कि खटिया?" तरी त्याने चकचकीत अलॉयची चाकं आणि जाड टायर बसवून दिले. गाडी रुबाबदार दिसायला लागली. पण पहिल्याच वळणावर टायर मडगार्डला लागून खर्रर्र करून ओरडला. मागे कुणी बसलं तर सरळ रस्त्यावरही ओरडायचा. टायरवाला म्हणाला, स्प्रिंगा थोड्या वर घ्या. वर घेतल्या तर सीट आणखी वर जाणार आणि वहिनींना सरकता येणार नाही. खाली ठेवल्या तर चाक घासणार. या फेऱ्यात कित्येक आठवडे गेले. वहिनी रजेवर होत्या. "होऊन जाईल" हे वाक्य त्या काळात मी एकदाही ऐकलं नाही.

एका संध्याकाळी ते हाच पेच मला पुन्हा समजावत होते. वहिनी मटार सोलत ऐकत होत्या.

"अहो, गाडी बोटभर वर गेली तर मीसुद्धा बोटभर वर गेलेलं नाही का चालणार?"

वहिनींनी कपाटातली जुनी रजई मागवली, घडी करून खुर्चीत घातली आणि तिच्यावर बसल्या. त्यांनी वाकून नवी उंची बोटाने मोजली.

"हे मला कसं सुचलं नाही?"

"तुमची नजर कायम चाकाकडे."

त्यानंतरचं काम सोपं होतं. टायरवाल्याने स्प्रिंगा किंचित वर घेतल्या, जाड टायर काढून पातळ चढवले आणि मडगार्डची आतली कड गरम करून हळूहळू आत दुमडली. वजनासाठी मी आणि तो स्वतः मागे बसलो, वहिनी पुढे. यांनी स्टिअरिंग एकदा डावीकडे पुरतं वळवलं, एकदा उजवीकडे. आम्ही सगळे कान देऊन होतो. आवाज नाही. उतरून त्यांनी टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटं घालून पाहिली, ती सवय तेव्हापासूनची.

"अब नहीं बोलेगी बाबूजी," टायरवाला म्हणाला.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मीही गाडीत बसलो. फाटकापाशी मुली हात सरसावून उभ्याच होत्या. यांनी गाडी तिरकी घेतली, एकेक चाक सावकाश चढवलं, उतरवलं. पोट घासलं नाही. मुलींचा जरा हिरमोडच झाला. वहिनींनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "चलिए, क्लास में चलिए." यांनी खिशातून पानाची पुडी काढली.

वहिनी निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिल्या. माझी बदली त्याआधीच झाली. त्या दिवशी दोघं मला स्टेशनवर सोडायला आले. वहिनी मोटारीतून उतरत असताना एक हमाल मदतीला पुढे झाला, तर हे म्हणाले, "रहने दो भैया, वो आ जाएँगी." फलाटावर सपाट जागा भरपूर होती. आगगाडी हलली, तशी वहिनींनी माझ्या खिडकीबरोबर खुर्ची पळवायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी चाकं फिरवत त्या चांगल्याच पुढे आल्या, पदर उडत होता, चेहरा हसरा होता. मागून ते धोतर सावरत, धापा टाकत येत होते. "अहो, हळू," असं काहीतरी म्हणत होते बहुतेक. त्या काही थांबल्या नाहीत.