मुंग्या गेल्या

आई पायांबद्दल पहिल्यांदा बोलली तेव्हा मी चिडले होते. संध्याकाळी मला दिलसुखनगरला कॉम्प्युटरच्या क्लासला पळायचं असायचं. ते दिवसच तसे होते. गल्लीत नवी केबल आलेली, कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ, आणि जो तो चार महिन्यांचा कोर्स करून अमेरिकेला निघालेला. आपणच मागे राहू असं मला वाटायचं. आणि ही म्हणे, "पायांना मुंग्या येतायत गं. येतात त्या जातच नाहीत." मधुमेह तिला बऱ्याच वर्षांपासून होता. वडील गेल्यापासून तिला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

बरकतपुऱ्यातले आमचे डॉक्टर तेलुगू. आई लग्न होऊन परभणीकडून इथे हैदराबादला आलेली. भाजीवाल्याशी, दूधवाल्याशी ती आपली दख्खनी हिंदी बोलायची, निम्मी मराठीत भिजलेली. तेलुगू तिला येत नव्हतं. मला येत होतं, म्हणजे मी तसं समजत होते. विद्यानगरच्या कॉलेजात मैत्रिणींकडून उचललेलं, सिनेमाला आणि बसला पुरेल एवढं. आईने तोंड उघडलं, "डॉक्टरसाब, पावां झुनझुनारे..." बाकावर चार माणसं बसली होती. मला तिच्या बोलण्याची लाज वाटली, खरंच वाटली. "तू थांब गं, मी सांगते," म्हणत मी तिला गप्प केलं आणि ऐटीत तेलुगूत सांगितलं की आईच्या पायांशी चीमलू येतात.

चीमलू म्हणजे मुंग्या. साखरेच्या डब्यात शिरतात त्या. पाय बधिरताना येतात त्या मुंग्यांना तेलुगूत वेगळाच शब्द आहे, तिमिर्लू. तो मला माहीत नव्हता, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

डॉक्टर हसले असते तर बरं झालं असतं. पण मधुमेहाच्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात हे त्यांना नेहमीचंच. त्यांनी मान हलवली, साखरेची गोळी वाढवून दिली आणि मोरीत भरपूर पाणी ओतत जा म्हणाले. मोरीचा काय संबंध, असं मनात आलं. विचारलं नाही. क्लासची वेळ झाली होती.

पुढे काही महिन्यांनी आईच एक दिवस म्हणाली, "मुंग्या गेल्या बाई एकदाच्या." आम्ही दोघी खूश. गोळीने गुण आला म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्याच सुमारास ती बाजारातून एका पायात चप्पल घालून परतली. दुसरी कुठे निसटली ते तिला कळलंच नव्हतं. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" म्हणून मी आठवडाभर तिची टिंगल केली. तीही हसायची.

मग चैत्रात कुरडया. वाळवणात चप्पल घालून जायचं नाही हा तिचा नेम, आणि हैदराबादची गच्ची म्हणजे अकरा वाजता तापलेला तवा. दरवर्षी ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, मला शिव्या घालत कुरडया घालायची. त्या वर्षी मला चीक वर न्यायला उशीर झाला आणि ऊन चांगलंच चढलं. ती सोऱ्या फिरवत अर्धा तास एका जागी शांत उभी होती. मी जिन्यातल्या सावलीत उभी राहून म्हटलं, "बघ, यंदा कशी सवय झाली तुला."

संध्याकाळी तिने पाय पुसले तेव्हा तळव्यांना फोड आलेले. तिला काही दुखत नव्हतं. उजव्या अंगठ्याखालचा फोड फुटला आणि भरेचना.

नव्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर सरळ तिच्याशीच दख्खनीत बोलले. तिला डोळे मिटायला सांगितले, टोचलं की बोला म्हणाले, आणि बोटांपासून वर टाचणी टोचत गेले. घोट्यापर्यंत आले तरी ती डोळे मिटून शहाण्या मुलीसारखी वाट बघत बसली होती. मला हळूच म्हणाली, "अजून सुरू नाही केलं का गं?"

मला रडू फुटलं. डॉक्टरांनी समजावलं की साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा मरत जातात. पायांच्या नसा सगळ्यांत लांब, म्हणून आधी त्या. मुंग्या येत होत्या तेव्हा नस जिवंत होती, ओरडत होती. तेव्हाच साखर आवरली असती, रोज तळवे तपासले असते, मऊ चप्पल वापरली असती, तर पुष्कळ वाचलं असतं. आग होत असली तर तिच्यावर गोळ्या आहेत. गेलेली नस परत आणणारी गोळी नाही. तिमिर्लू हा शब्द मला तिथल्या नर्सने आईच्या पायांबद्दल विचारताना वापरला तेव्हा कळला. आईला मी तो कधीच सांगितला नाही.

जखम चिघळत गेली, अंगठा काढावा लागला. सही मी केली. आईला सांगितलं की जखम खोलवर साफ करणार आहेत. नंतर पायाला एवढं जाड बँडेज होतं की तिला काही दिसत नव्हतं, आणि जाणवायचं तर केव्हाच थांबलेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठून बसली. किती दिवसांनी चेहरा असा फुललेला. "अगं, आल्या," म्हणाली. "अंगठ्याला मुंग्या आल्या. उजव्याच. म्हणजे नस जिवंत आहे ना?"

तेवढ्यात डॉक्टर आले. "क्या बोलरे अम्मा?" त्यांनी तिलाच विचारलं. तिने हसून माझा हात धरला.

"तू सांग," म्हणाली. "तुला नीट सांगता येतं."