कडूबाचा हातगुण

आमच्या गल्लीत असं बोललं जातं, की कडूबानं ज्याला हात लावला ते कुजतं. आधी म्हणे कारखान्यातलं लोखंड खाल्लं, मग बायको खाल्ली. मी हे पहिल्यांदा नळावर ऐकलं तेव्हा त्यात फक्त लोखंड होतं. पाणी भरून घरी येईस्तोवर बायको आली, आणि संध्याकाळी गिरणीत दळण टाकायला गेले तर एक शेळीसुद्धा मेली होती. कडूबाकडं शेळी कधी नव्हतीच.

आता खरं काय ते सांगते. भिंतीला भिंत लागून राहते मी, मला नाही कळणार तर कुणाला? आवडाबाई, म्हणजे कडूबाची बायको, किडनीनं गेली. किती दिवस घाटी दवाखान्याच्या चकरा चालल्या होत्या, आणि भर पावसाळ्यात तिनं डोळे मिटले. हाताचा त्यात संबंध एवढाच, की तिचे सुजलेले पाय शेवटपर्यंत कडूबाच चेपायचा. लोखंडाचं मात्र खरं आहे.

कडूबा वाळूजला काकासाहेबांच्या वर्कशॉपात. तिथं गळाला लावायचे रबरी मासे बनतात. औरंगाबाद म्हणा नाहीतर संभाजीनगर म्हणा, कुठल्याच नावाला इथं समुद्र लागत नाही. नळाला पाणी आलं तरी आमच्याकडं सण असतो. पण मासे आमचे, परदेशी जातात म्हणे, आणि तिकडचे खरे मासे त्यांना फसतात. मी म्हणायची, "भाऊजी, एखादा कालवणाला आणा की." तो म्हणायचा, "आणतो वहिनी, शिजेस्तोवर दम धरा म्हणजे झालं."

मासा ज्यात ओततात तो साचा पोलादी, दोन अर्ध्या भागांचा. आत खवल्यांची नक्षी इतकी बारीक, की गंजाचे चार ठिपके पडले तरी निघणारा मासा देवी येऊन गेल्यासारखा दिसतो. साचे गंजू नयेत हे काम कडूबाचं. पुसायचे, कोरडे करायचे, तेल लावायचं, मेणकागदात गुंडाळून पेटीत ठेवायचे. साचा गरम असतानाच गुंडाळला तर आतल्या आत ओल धरतो, म्हणून कडूबा कागद लावण्याआधी प्रत्येकावर तळवा टेकवून बघायचा, लेकराचा ताप बघावा तसा. त्याची काळजी ती हीच, आणि घात झाला तोही इथंच.

आवडाबाईचं तेरावं उरकून तो कामावर गेला आणि ठेवणीतली पेटी उघडली. साच्यावर तांबूस पंजा उमटला होता. चार बोटं पुरी, एक अर्धं. कडूबाचं एक बोट फार पूर्वी प्रेसमध्ये अर्धं गेलेलं, त्यामुळं पंजा कुणाचा हे विचारायची सोयच राहिली नाही. दुसरा साचा उघडला, तिसरा उघडला. त्या पावसाळ्यात ठेवलेल्या सगळ्यांवर तोच पंजा.

काकासाहेबांनी पंज्यावर नख घासून पाहिलं. मग म्हणाले, "कडूबा, काहीकाहींचा घामच तसा असतो. लोखंडाला सोसत नाही."

"इतकी वर्षं सोसला की, मालक."

"इतकी वर्षं तुला एवढा घाम फुटत नव्हता."

कामावरून काढलं नाही. रबरी हातमोजे दिले. पण मोज्यातून त्याला गरम-गार कळेना, तेव्हा मासे पाकिटात भरायला बसवलं. वाया गेलेल्या एका साच्याचा अर्धा तुकडा कडूबानं मागून घेतला आणि घरी आणला.

बातमी गल्लीत यायला शिफ्टच्या बसला लागतो तेवढाच वेळ लागला. हातगुण हा शब्द आपल्याकडं तयारच असतो. अमक्याच्या हातानं रोप जगतं, तमकीच्या हातानं लोणचं नासतं. लोखंडावरचा पंजा आणि चितेवरची आवडाबाई, दोन्ही एकाच पावसाळ्यातली. लोकांनी गाठ मारली. कडूबाची सून तेव्हा पोटुशी, करमाडला माहेरी गेलेली. ती गाठ तिच्या आईपर्यंत, साळूबाईपर्यंत पोचली.

दिवाळीनंतर नातू झाला. रामकिसन, कडूबाचा एकुलता पोरगा, बघून आला. कडूबाला निरोप आला, थंडी लई हाय, लेकरू कोवळं हाय, मागून या. त्याला कळायचं ते कळलं. तेव्हापासून तो लोखंडाचा तुकडा ओट्यावर आला. रोज सांजच्याला राखेनं घासून लख्ख करायचा, त्यावर तळवा दाबून धरायचा आणि सकाळी उठून बघायचा. हात कधी चिंचेनं धुवायचा, कधी सोड्यानं, कधी तुरटीनं. बोटांची कातडी फाटली तरी चालूच. मी भिंतीवरून विचारायची, "काय भाऊजी, आज पास का नापास?"

"नापास."

एका सकाळी तोच भिंतीपाशी आला. "वहिनी, बघा बरं." लोखंड लख्ख होतं, डाग नव्हता. एवढ्या कडाक्याच्या थंडीत घाम कुणाला येतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं. नाही बोलले. माझ्याकडून असं क्वचित होतं.

करमाडच्या बारशाला आम्ही एकाच जीपमधून गेलो. तुकडा त्यानं धुतलेल्या रुमालात बांधून आणला होता. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरलं. माझ्याही हातात आलं, आणि माझा गुण काय ते गल्लीला विचारा. मग कडूबा पुढं झाला. साळूबाईनं बाळ पदराखाली घेतलं.

"व्याहीबुवा, राग मानू नका."

कडूबानं रुमाल सोडला. "हे बघा, विहीणबाई. रोज हात लावून ठेवतो. डाग नाय."

"लोखंडाचं नका सांगू. आवडाबाई काय लोखंडाची होती?"

बायांचे हात घुगऱ्यांत थांबले. तेवढ्यात रामकिसन उठला. मला वाटलं, आता पोरगा बापाच्या बाजूनं बोलणार. त्यानं खिशातून रबरी हातमोजे काढले, नवेकोरे. येतानाच घेऊन आला होता.

"बाबा, एवढे घाला आन् घ्या लेकराला. कुणाचंच मन मोडायला नको."

बाळ त्या दिवशी कडूबाच्या हातात आलं नाही, नंतरही नाही. रामकिसननं शेंद्र्याकडं खोली केली आणि बायको-लेकराला तिकडंच नेलं. ओट्यावरचा तुकडा आता तांबडा झालाय. कडूबा तो घासत नाही, टाकतही नाही. गल्लीत कुणी सांगतं, मोजे बघून तो रडला. कुणी म्हणतं, त्यानं शिव्या घातल्या. मी हातभर अंतरावर उभी होते. त्यानं मोजे रामकिसनच्या खिशात परत घातले आणि एवढंच म्हणाला,

"तुला ह्याच उघड्या हातांनी न्हाऊ घातलं, रामकिसन. कुठं गंजलास ते दाखव, मंग घालतो."