छात्र भी

जगात डावं-उजवं असं काही नसतंच, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो सौंसरच्या कॉलेजात आम्हाला भूगोल शिकवायचा. सरांच्या जगात फक्त आठ दिशा होत्या. वर्गात ते "जरा वायव्येला सरका" म्हणायचे आणि आम्ही सगळे एकमेकांवर आदळायचो. त्यांच्या घरी जेवायला बसलं की काकूंना सांगायचे, "हिला लोणचं ईशान्येला वाढ, तिकडे वरणाचा पूर पोचत नाही." काकू लोणचं वरणातच टाकत. सर रोज पांढुर्ण्याहून बसने येत आणि स्टँडपासून कॉलेजपर्यंत पावलं मोजत चालत. वाटेत कुणी "नमस्कार जी" म्हटलं तर हात जोडून "चारशे बारा" म्हणत, कारण दुसरं काही बोललं तर मोजणी चुकणार. नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांना तो फाइलीचा नंबर वाटला आणि त्यांनी "अर्जी दे दो" असं उत्तर दिलं, हे सगळ्या सौंसरला माहीत होतं. एकदा गावातल्या एका लग्नपत्रिकेच्या मागे छापायला त्यांनी नकाशा काढून दिला. त्यात विहिरी होत्या, संत्र्याचे बगीचे होते, नाल्यावरचा बुटका पूल, म्हणजे रपट, होती, बाजूला प्रमाण होतं, उत्तरेचा बाण तर होताच. फक्त लग्नाचं घर दाखवायचं राहिलं. पाहुणे मांडव शोधत फिरले. सरांना कुणी बोललं तेव्हा ते म्हणाले, "पण हरवलं तर कोणी नाही ना? आपण कुठे आहोत ते प्रत्येकाला माहीत होतं."

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे पहिल्या बाकावर बसायचं, सगळं लिहून घ्यायचं आणि तोंड उघडायचं नाही, हेच शिक्षण अशी माझी समजूत होती. त्या हिवाळ्यात कॉलेजात एक परिपत्रक आलं, आमच्याकडच्या सगळ्या सरकारी कागदांसारखं हिंदीत. नकाशे करणारे, विमानातून आणि उपग्रहावरून काढलेली चित्रं वाचणारे मोठमोठे लोक नागपूरला परिषदेसाठी जमणार होते. फळ्यावर ते लागलं आणि कुणी वाचलं नाही. सरांनी वाचलं. अगदी खाली, बारीक अक्षरांत, एक ओळ होती: "छात्र भी भाग ले सकते हैं." त्या 'भी'खाली सरांनी लाल पेन्सिलीने इतक्या रेघा ओढल्या की कागद फाटला. मग त्यांनी ती एकच ओळ स्वतःच्या हाताने वीसेक कागदांवर लिहिली आणि पाण्याच्या टाकीपासून स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत चिकटवली. कुठे, कधी, कशाची परिषद, यातलं काहीच त्यावर नव्हतं. टपरीवाला गिऱ्हाइकांना विचारी, "छात्र काय भाग घेऊन राहिले जी?"

वर्गात सर म्हणाले, "हा 'भी' लिहिताना कोणाच्या डोळ्यापुढे कोण होतं, मला माहीत नाही. पण त्यात आपण मावतो." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू येशील. आणि एक अट आहे. तिथे एक तरी वाक्य बोलायचं. ऐकून परत येणारे पुष्कळ असतात."

बोलणं दूरच, आधी घरून जाऊ देणार होतं कोण? संत्र्याची तोड सुरू होती. बाबा म्हणाले, "नागपूरले संत्र्याची गाडी जाते, पोरगी कायले?" दुसऱ्याच दिवशी सर काकूंना घेऊन लोधीखेड्याजवळच्या आमच्या गावी आले. ओसरीवर बसून त्यांनी 'रिमोट सेन्सिंग' हा शब्द चारदा उच्चारला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे सेन्सस म्हणजे शिरगणतीच होय ना जी? मागं मास्तर लोकं घरोघरी मोजून गेले होते."

मी चूक सुधारायला तोंड उघडणार, तर सरांनी नैर्ऋत्येला, म्हणजे माझ्याकडे, डोळे वटारले. "तसंच समजा जी. त्यात माणसं मोजतात, यात जमीन मोजून राहिले."

"मंग सरकारी काम होय! आधी नाही का सांगाव?" बाबा माझ्याकडे वळले. "जाय माय. पण कोणाले वगळू नको बाप्पा, मागच्या खेपेले आपल्या आत्याले लिहिलंच नव्हतं."

काकू सोबत येणार म्हटल्यावर आईचीही हरकत राहिली नाही.

नागपूरच्या त्या सभागृहात सगळे कोटवाले. सरांनी आम्हा दोघींना आत बसवलं आणि स्वतः व्हरांड्यात गेले. दारातून त्यांच्या चपलांचा आवाज येत राहिला. ते पावलं मोजत येरझाऱ्या घालत होते. सकाळ गेली, दुपार झाली, माझं वाक्य काही निघेना. काकू कानात म्हणाल्या, "नाही बोलली तरी चालते वो. त्याहिले मी पाहून घेईन." त्यानंतर एका साहेबांनी पडद्यावर विमानातून काढलेला आमच्याच भागाचा फोटो दाखवला. एका काळ्या, वळणावळणाच्या रेघेवर काठी फिरवून ते म्हणाले, "यह नाला है." मी पाहिलं. ती रेघ बगीच्यांच्या मधून निघून सरळ बरडावर, मुरमाड टेकाडावर, चढली होती. माझा हात कधी वर गेला, ते मला कळलं नाही.

हिंदी जुळवत बसले असते तर वाक्य घशातच राहिलं असतं. घरचंच तोंडाला आलं. "साहेब, तो नाला नाही, पांदण होय. पाणी बरडावर कसं चढन?"

सभागृहात हसू फुटलं. साहेब हसले नाहीत. "पांदण क्या होता है?"

"बैलबंडी जायचा रस्ता जी. दोन्हीकडून पळस, बाभळी. वरून ते काळंच दिसन. आम्ही रोज त्यातूनच जाऊन राहिलो."

साहेबांनी काठी पुन्हा त्या रेघेवरून बरडापर्यंत नेली. मग टेबलावरच्या नकाशात पेन्सिलीने 'नाला' खोडलं आणि मला विचारून विचारून, अक्षर-अक्षर, 'पांदण' लिहिलं. तो शब्द छापील नकाशावर लिहिलेला मी पहिल्यांदा पाहिला. पुढे मी नकाशांच्याच कचेरीत नोकरी केली, कितीतरी नावं लिहिली.

परतीच्या बसमध्ये सरांनी सगळं तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी थोडं वाढवूनही सांगितलं, तेव्हा काकूंनी खिडकीकडे तोंड केलं. सावनेर गेल्यावर सर एकदम हळू बोलू लागले. "मीही गेलो होतो, तुझ्याएवढा असताना. असेच मोठे लोक. मला एक प्रश्न होता. हात खांद्यापर्यंत वर आला, सगळे पाहायला लागले, अन् मी कान खाजवला." ते हसले. "वीस वर्षं झाली, तो कान खाजवूनच राहिलो."

मीही हसले. लोधीखेडं आलं, बाबा रस्त्यावर उभे दिसले, आणि त्यांना सगळं सांगायच्या घाईत मी उडी मारूनच उतरले. सर आणि काकू तसेच पुढे गेले. सरांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांचा तो प्रश्न काय होता, हे विचारायचं माझं राहूनच गेलं.