कानडी मालिकेचा तिसगावी अर्थ

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा तिला मराठीतले दोनच शब्द धड येत होते. ‘होय’ आणि ‘बरं’. सुनेला एवढं पुरे, असं आमच्या आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं मत होतं. माझ्याकडे बघूनच त्यांचं हे मत झालं असावं. मी दिवसभर शिलाई मशीनवर गावातल्या बायांचे ब्लाउज शिवायचे, आणि मशीन थांबलं तरी माझं तोंड थांबायचं नाही.

भावजी उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. एका हंगामात ते कर्नाटकात मुधोळकडच्या कारखान्यावर गेले, तिथल्या खानावळीत जेवले आणि खानावळवाल्याची मुलगी करून घेऊन आले. दोन-तीन वर्षांत जाऊ मराठी चांगली शिकली, पण कामापुरतंच बोलायची. भावजी महिनोन् महिने रस्त्यावर. तिची भाषा बोलणारं तिसगावात दुसरं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट आम्हा कुणाच्या मनाला कधी शिवलीही नव्हती. खोटं कशाला बोलू?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावात नुकतीच केबल आली होती. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या गच्चीवर पिठाच्या परातीची मोठी बहीण शोभेल अशी डिश बसली होती आणि खाली दुकानात चॅनल पकडणारे चार-पाच डबे होते. एका डब्यावर एकच चॅनल. तो जे लावील तेच सगळ्या गावानं बघायचं. दुपारी हिंदी सिनेमा असायचा, बाया भांडी घासून टाकून टीव्हीपुढं बसायच्या.

वैशाखात एका दुपारी जोराची वावटळ आली. सिनेमात नायिका दरीच्या टोकाशी उभी होती, तेवढ्यात पडद्यावर मुंग्या आल्या. जरा वेळानं मुंग्या गेल्या तर नायिका गायब, आणि एक मिशीवाला वकील तावातावानं काहीतरी बोलत होता. वाऱ्यानं डिशचं तोंडच फिरवलं होतं. घराघरांतून केबलवाल्याच्या नावानं शिव्या सुरू झाल्या. आमच्या घरात मात्र स्वयंपाकघरातून जाऊ पळत आली. हात पिठानं भरलेले. टीव्हीसमोर उभी राहिली आणि त्या वकिलाशी मोठमोठ्यानं बोलायलाच लागली!

‘‘अगं, त्याला काय ऐकू जातंय?’’ मी म्हटलं.

‘‘अक्का, कानडी हाय हे! आमचं कानडी!’’

एवढ्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. तासाभरानं केबलवाल्यानं डिश सरळ केली, नायिका दरीत पडून मोकळी झाली होती, आणि जाऊ परत पिठाच्या परातीकडं गेली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मग मात्र मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन केबलवाल्याच्या दुकानात गेले.

तो म्हणाला, ‘‘डिश फिरवून दुपारचा तासभर कानडी दावता येईल. पर सिनेमा बंद करावा लागंल. गाव मला दगडं मारंल वहिनी. आठ दिस लावून बघतो. बायांनी मागितलं तर ठेवीन, न्हाईतर सिनेमा.’’

म्हणजे तिसगावच्या बायांना कानडीची गोडी लावायची होती. त्यासाठी मुदत आठ दिवसांची. मला तर हसूच आलं. जाऊ हसली नाही. ती मान खाली घालून घरापर्यंत आली आणि दारात म्हणाली, ‘‘अक्का, तुमच्या गिऱ्हाईक बायांना दुपारी बोलवा. मी अर्थ सांगते.’’

गिऱ्हाइकं तशीही यायचीच. कुणाचा हुक, कुणाची बाही. पहिल्या दिवशी चौघी-पाचजणी बसल्या. तोच मिशीवाला वकील आणि दोन म्हातारे. जाऊ टीव्हीजवळ पाटावर बसून सांगू लागली. दोन भावांचं घर आहे, थोरली जाऊ कपटी आहे, धाकटी गरीब घरची आहे आणि सासू धाकटीला पोटभर जेवू देत नाही. बाया ‘अगंबाई’ करत पुढं सरकल्या. आत्याबाई पोथी बाजूला ठेवून आल्या.

चौथ्या दिवशी आमच्या ओट्यावर चपलांना जागा उरली नाही. धाकटीला मूल होत नाही हे कळल्यावर कोपऱ्यावरच्या एका काकूंनी तिच्यासाठी मोहट्याच्या देवीला नवस बोलला. हो, टीव्हीतल्या बाईसाठी! मला मात्र शंका येऊ लागली होती. पडद्यावरचा म्हातारा दोन शब्द बोलायचा आणि त्यांचा अर्थ माझी अख्खी बाही शिवून होईपर्यंत चालायचा. शिवाय त्या घरात धाकटी जाऊ आहे म्हणे, पण आम्हाला ती कधी दिसायचीच नाही. जाऊला विचारलं तर म्हणायची, ‘‘ती आत खोलीत हाय. कोंडलीय तिला.’’

मग एक दिवस ती म्हणाली, ‘‘आता ही शेजारीण शिंपिणीला म्हणतेय, गळा मोठा कर. काल म्हणत होती, गळा लहान कर. शिंपीण बिचारी उसवून उसवून दमली.’’ पडद्यावर त्या वेळी एक हवालदार सायकलला हवा भरत होता. दर आठवड्याला माझ्याकडून गळा बदलून घेणारी बाई माझ्या शेजारीच बसली होती. ती कळवळून म्हणाली, ‘‘असल्या बायांचं कायी शिवूच नये!’’ मी तोंडात पदर कोंबून आत पळाले.

जाऊ मागून आली. मी म्हटलं, ‘‘सगळं मनचं सांगतेस ना तू?’’

‘‘होय.’’

‘‘खरं काय आहे त्यात?’’

‘‘दोघं भाऊ विहिरीवरून कोर्टात भांडत्यात. वर्षभर चालंल ते.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं, ‘‘पण ती कपटी थोरली जाऊ जरा कमी कपटी कर. बाया माझ्याकडं बघतात.’’ दुसऱ्या दिवशी मालिकेतली थोरली एकदम सुधारली आणि सगळा विखार सासूवर गेला. आत्याबाई टीव्हीकडं हात करून म्हणाल्या, ‘‘काय सासू म्हनावी का कोन! सुनेचं त्याल मोजती!’’ आमच्या घरात तेलाची बरणी त्यांच्याच कपाटात असायची. त्या संध्याकाळी ती बरणी आपोआप स्वयंपाकघरात आली. तिथून पुढं मी या मालिकेची पक्की भक्त झाले.

आठ दिवसांनी केबलवाल्यानं पुन्हा सिनेमा लावला, तर बाया त्याच्या दुकानावर चालून गेल्या. कानडी चालू राहिली. जाऊचं बोलणंही चालू राहिलं. आता ती भाकरी थापतानाही बोलायची. सगळं इतकं छान चाललं होतं की माझी जरा भीतीच गेली. नेमकी तेव्हाच जाऊची आई मुधोळहून पहिल्यांदा लेकीकडं आली. बरोबर कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आत्याबाईंना इरकल साडी. बिचारीला मराठीचा एक शब्द येत नव्हता.

दुपारी बाया जमल्या. आत्याबाईंनी विहीणबाईंना मानानं खुर्ची दिली. पडद्यावर म्हातारा न्यायाधीशापुढं उभा राहून काही म्हणाला. जाऊ आईकडं बघत चाचरत होती, पण बाया थांबेनात, ‘‘सांग की, सांग की!’’ तिनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं, ‘‘सासूनं धाकटीच्या दुधात विष घातलंय.’’

बायांनी छातीला हात लावले. कोपऱ्यावरच्या काकू ‘आई मोहट्या, धाव गं’ म्हणाल्या. आणि विहीणबाई खदाखदा हसल्या. हसता हसता खुर्चीवरून घसरायला आल्या.

आत्याबाई वळल्या. ‘‘आगं, बाईला इख घातलं आन तुजी आई हसती?’’

मी मशीनचं चाक उगाच फिरवत राहिले.

‘‘काय म्हनला तो म्हातारा? खरं सांग.’’

‘‘तो म्हणाला…’’ जाऊ अडखळत म्हणाली. ‘‘विहीर माझीच. साक्षीला माझ्या म्हशीला बोलवा. ती रोज पाणी पिते, तिला माहीत आहे.’’

‘‘आन इख?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग धाकटी?’’

‘‘त्यात धाकटी जाऊ नाहीच.’’

कोपऱ्यावरच्या काकू रडवेल्या झाल्या, ‘‘न्हाईच? आगं, मी तिच्यासाठी नवस बोलले, त्यो आता कुनी फेडायचा?’’ आत्याबाईंनी फर्मान काढलं, ‘‘उद्यापास्नं खरंखुरं सांगायचं.’’

जाऊनं खरं सांगितलं. वकील म्हणतो सात-बारा दाखवा. दुसरा वकील म्हणतो उतारा जुना आहे. न्यायाधीश म्हणतात पुढची तारीख. असली कटकट बायांच्या घरी हवी तेवढी होती, ती बघायला कोण येतंय? चपला कमी होत गेल्या. विहीणबाई परत गेल्या, त्या आठवड्यात दुपारी टीव्ही लावला तर पुन्हा हिंदी सिनेमा! जाऊनं टीव्ही बंद केला नाही. ती नुसती बघत राहिली आणि नंतर धुणं घेऊन मागं गेली. तिच्या तोंडी परत ‘होय’ आणि ‘बरं’ एवढंच आलं. मला घर खायला उठलं. माझी बडबड ऐकायला सुद्धा कुणी उरलं नाही असं वाटायला लागलं, आणि हे मला मुळीच सोसत नव्हतं.

दोन-तीन दिवस आत्याबाई हे सगळं बघत होत्या. मग एका सकाळी त्यांनी नवी इरकल नेसली, मला बरोबर घेतलं आणि थेट केबलवाल्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर बसल्या.

‘‘दुपारचं कानडी लाव.’’

‘‘मावशी, आता कोन बघतंय? एका घरासाठी कसं लावू?’’

‘‘वरच्या आळीला तुजी वायर कुठनं गेलीय?’’

केबलवाल्यानं मान खाजवली. ‘‘तुमच्या पत्र्यावरनं.’’

‘‘मंग काढून घे. आजच्या आज. पत्रा बदलायचाय मला.’’ पत्रा गेल्या वर्षीच नवा टाकला होता. मी ओठ दाबून भिंतीकडं बघत राहिले.

केबलवाला काकुळतीला आला. ‘‘मावशी, वरची आळी मला जित्ता ठेवनार न्हाई. आवो, असं का करता? तुमाला तरी कळतं का त्यातलं एक अक्षर?’’

‘‘मला कशापायी कळाया पायजे?’’ आत्याबाई उठत म्हणाल्या. ‘‘माज्या सुनेला कळतं.’’