दंतप्राप्त्यर्थ पूर्णागमन

स्वस्ति श्री. जिंतूरपुरनिवासी, प्राथमिकपाठशालासिंहासनाधीश्वर, खडूचूर्णधवलितस्कंध, तृतीयवर्गप्रवासधुरंधर, अग्रजाज्ञाधारक, चहापानैकव्रत अस्मादिकांकडून, ज्यांचे दात पडले आहेत, पडत आहेत किंवा यथाकाल पडणार आहेत अशा समस्त वाचकवृंदास विज्ञप्ती विशेष, की पौष मासी आम्ही ज्येष्ठ बंधू अप्पा यांच्यासह पूर्णा जंक्शनास गेलो आणि दात घेऊन परतलो. तत्सम संकटात सापडलेल्यांस मार्गदर्शन व्हावे, एतदर्थ हा वृत्तान्त.

प्रयाणाचे कारण असे. आमच्या शेतातल्या हुरड्याला दर वर्षी भावकी आणि अर्धी पेठ जमते. महादेवाला नैवेद्य दाखवला की पहिली मूठ यजमानाने खायची. तोवर कोणी दाणाही तोंडात टाकायचा नाही, हा आजोबांपासूनचा शिरस्ता. गतवर्षी दंतहीन अप्पांनी ती मूठ गालात धरली आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून उपरण्यात विसर्जित केली. लक्ष सर्वांचे होते. यंदा त्यांनी जाहीर केले, "हुरडा न्हाई. ज्वारी पिकू द्या, काढू, इकू."

वहिनी त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मला म्हणाल्या, "भाऊजी, पूर्णेला कोणी चिनी दात बसवायलाय म्हणतेत. ह्यान्ला घेऊन जावा. दहा-बारा दिवसांत कणसं निबर होतील."

जिंतुराहून परभणीस सर्व्हिस मोटर सकाळी सुटते. म्हणजे, सुटणार असे सकाळी सांगतात. भाडे माणशी बारा आणे, निजामाच्या हाली नाण्यात. पुढची जागा हवी असल्यास ड्रायव्हरास पान द्यावे. बोरीच्या अलीकडे मोटर तापते, तेव्हा खाली उतरून तिला पाणी पाजण्याचे पुण्य उतारूंना लाभते. परभणीच्या धर्मशाळेत मुक्काम निःशुल्क, ढेकूणही निःशुल्क.

दुसऱ्या दिवशी आगगाडी. पिंगळी गेले, मिरखेल गेले, अप्पांचा प्रश्न मात्र जागचा हलला नाही. "दात हाडाचे असले तर? गळ्यात लिंग हाय माझ्या. तोंडात कुणाचं हाड घेऊ?"

दंतवैद्यांची खोली स्टेशनाबाहेर, रेल्वे क्वार्टरांच्या वाटेवर आहे. दारावर एक भव्य हसरे तोंड रंगवले आहे. तोंडास चेहरा नाही. आत पन्नाशीचे, कृश, अतिस्वच्छ सदऱ्यातले गृहस्थ बसले होते. नाव लिऊ. अप्पांनी नमस्काराआधीच विचारले, "ये हड्डीके हैं क्या?"

लिऊंनी पेटीतला एक दात उचलला आणि आपल्या चहाच्या कपावर वाजवला. टण्ण! "मिट्टी, साहब. पक्की मिट्टी. जो प्याली में, वही दाँत में."

अप्पांनी स्वतः वाजवून पाहिला, कपही उलटासुलटा करून पाहिला. मग मुखकमल उघडले. लिऊंनी त्यात मेण भरल्यामुळे पाव घटका आमच्या घराण्यात प्रथमच शांतता नांदली.

बाकावर गालाला मफलर बांधलेले सेलूचे एक मारवाडी शेठ बसले होते. दाढ ठणकत असताही त्यांनी चौकशी आरंभली. "मूळ गाव कौन-सा? माल किधर से आता?"

लिऊ काम करता करता सांगत गेले. गाव मध्य चीनमध्ये, नदीकाठी. पुराने शेती नेली, तेव्हा गावाने दाताचे काम शिकून जगाची वाट धरली. शेजारचे गाव रेशमाचे गठ्ठे पाठीवर घेऊन हिंडते. कलकत्त्यात सुतारकाम एका मुलुखाच्या चिन्यांकडे, चामडे आणि जोडे दुसऱ्यांकडे. कोणी कोणाच्या धंद्यात हात घालत नाही. एक भाऊ रंगूनला, काका सिंगापुरास; दात कलकत्त्याच्या चुलतभावाकडून पार्सलने येतात. पूर्णाच का? तर जंक्शन म्हणजे चारी दिशांचे जबडे, आणि रेल्वेवाल्यांना महिन्याचा पगार.

शेठ दाढ विसरून डोलू लागले. "हमारा बी ऐसाच! एक भाई सेलू, एक हैदराबाद, एक कलकत्ता." ते दोघे एकमेकांना इतके समजले, की मला माझ्या गावात राहिल्याची लाज वाटली.

बंगालात पहिला चिनी आला तो साखर करायला, असेही लिऊंच्या ऐकिवात होते. आधी साखरवाला, मागाहून दातवाला! ज्या समाजाने व्यापाराचा क्रम इतका शास्त्रशुद्ध लावला, तो परदेशात उपाशी मरणे अशक्य, असे आमचे नम्र मत झाले.

दात होईतो तीन दिवस लागतात. खानावळीत पोटभर जेवण चार आण्यांत मिळते. अप्पा नुसते वरण पीत, त्यांनाही दर तोच.

चौथ्या दिवशी दात बसले. अप्पा आरशात पाहून नवरदेवासारखे लाजले. लिऊंनी एका हातात टोचेल तिथे घासायची कानस धरली आणि दुसऱ्याने फुटाणे पुढे केले. "काट के देखो."

अप्पांनी तोंड मिटले. "पयला घास देवाच्या हुरड्याचा. त्याच्याआधी ह्या दातान्ला काई लावायचं न्हाई."

"बग़ैर काटे मैं दाँत नहीं देता. बीस साल का क़ायदा है."

"आमचा तीन पिढ्यांचा हाय."

एका बाजूस महादेव, दुसऱ्या बाजूस कानस. मी मध्ये सामोपचाराची काही सुभाषितवजा वाक्ये पेरली. ती उगवली नाहीत. अखेर लिऊ म्हणाले, "जिंतूर में चुभा तो लोग बोलेंगे, चीनी का दाँत ख़राब. मेरा अकेले का नाम नहीं जाता, साहब. कलकत्ते तक सबका जाता है." आणि त्यांनी कानस खिशात घातली, खोलीला कुलूप लावले, नि तिकिटाच्या खिडकीकडे निघाले. अप्पांनी मला मागे सारून त्यांचे तिकीट काढले.

शेतात आगटी पेटली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजून, चोळून झाली, नैवेद्य झाला. चाळीस-पन्नास माणसे हातात हुरडा धरून अप्पांच्या तोंडाकडे पाहत होती. अप्पांनी मूठ तोंडात टाकली. चावले. थांबले. वहिनींनी डोळे मिटले.

"डावीकडं टोचायलंय," अप्पा म्हणाले.

उपरणे खांद्यावरच होते. माझे तिकडे लक्ष गेले. सर्वांचेच गेले असणार. पण अप्पांनी उपरण्याला हातही लावला नाही. सगळ्या भावकीसमोर दात काढून त्यांनी लिऊंच्या हातावर ठेवले. लिऊ बांधावर उकिडवे बसले आणि कानस फिरू लागली.

चुलतभाऊ बापूराव ओरडले, "अप्पा, बैलावानी नाल ठोकून घ्यायलेत का?"

आणि अप्पा हसले. बोळक्या तोंडाने, सूर्यप्रकाशात, उपरण्याचा आडोसा न घेता. वर्षभरात ते तोंड आम्ही कोणी पाहिले नव्हते.

दात धुऊन पुन्हा बसले. दुसरी मूठ. कुरकुर असा आवाज सर्वांनी श्रद्धेने ऐकला. "लय झकास," अप्पा म्हणाले. "चालू द्या!"

लिऊंनीही ओंजळभर खाल्ला, जवसाची चटणी लावून. "हमारे मुल्क में भी ये फ़सल होती है. हम शराब बनाते हैं."

"शिव शिव!" वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या ओंजळीत आणखी हुरडा घातला. "घरी कोण असतं?"

"माँ. उधर लड़ाई है. आठ महीने से डाक नहीं." एवढे बोलून ते दाणे वेचू लागले. निघताना वहिनींनी त्यांना हुरड्याची पुरचुंडी बांधून दिली. "पत्र आलं की कळवा बरं." आता पूर्णेहून कोणी आले, की त्या आधी तेच विचारतात.

तेव्हा वाचकहो, पूर्णेस अवश्य जावे. मोटर तापेल, ढेकूण चावतील. परंतु परतल्यावर तुम्हीही चावू शकाल. आमच्या घरात आता अप्पांचे हसू ओसरीपर्यंत ऐकू येते, आणि सिंगापूर, रंगून ही गावे शेजारच्या मानवतच्या पलीकडेच कुठेतरी असावीत इतकी जवळची झाली आहेत.

प्रश्न एकच उरला आहे. निजताना दात पाण्यात ठेवावे लागतात. स्वयंपाकघरातले भांडे वहिनी देत नाहीत. "जी माती दातांत, तीच प्यालीत," या शास्त्राधारे अप्पांनी घरातला एकमेव चिनी मातीचा कप ताब्यात घेतला आहे. तो माझा होता. गेले तीन आठवडे मी चहा पितळी वाटीतून पितो आहे. ओठ भाजतात, आणि वाटीला कानही नाही.