जालन्याच्या हवालातीतून घरी गेलेल्या बाया

आमच्या जालन्याच्या अदालतीत वकील चार आणि बार-रूममध्ये खुर्च्या तीन! मंग रिवाजच पडला. जो उभा असेल त्यानं किस्सा सांगायचा, आवडला तर कुणीतरी उठून खुर्ची द्यायची. निजामाच्या राज्यातली माझी सगळी वकिली अशी गेली, तर किस्से साठणार न्हाईत का? मी सगळ्यात लहान, म्हणून कायम उभा. माझ्याकडं जरा जास्तच साठले.

त्यातले खरे मासले हवालातीतल्या बायांचे. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते बापूसाहेब म्हणायचे, "घरून आलेली बाई सुटती, हवालातीतून आलेली सजा घेऊन जाती. गुन्हा तोच!" आणि ते खरंच होतं हो! जामिनावरची बाई धुतलं लुगडं नेसून, भावाला बरोबर घेऊन येणार. हवालातीतली येणार शिपायाच्या मागं, डोक्याच्या झिपऱ्या करून. बघणाऱ्याला वाटायचं, हिनं केलंच असणार! माझं तर टाळकंच सणकायचं.

एका साली आत होती मंठ्याची ठकूबाई. पाटलाची कडब्याची गंजी पेटवली असा तिच्यावर आळ. पाटलाच्या धाकानं गावात कुणी जामीन राहीना. घरी लग्नाला आलेली लेक एकटी. मृगाच्या पेरणीला बाई आत गेली ती गेलीच. बापूसाहेब बार-रूममध्ये टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "हिच्यासकट एकूणएक बाई घरी पाठवीन, न्हाईतर हा काळा कोट बुजगावण्याला घालीन!"

*

सुरुवात वाटूरच्या एका बाईपासून झाली. थोरल्या जावेला फुंकणीनं मारलं म्हणून धाकटी हवालातीत. पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या दिवशी बापूसाहेबांनी माझ्या बायकोचं ठेवणीतलं लुगडं मागवलं. हवालातीवर पहारा करणाऱ्या हुसेनाबीनं ते धाकटीला नेसवलं, तेल लावून तिची वेणी घातली, वर म्हणाली, "अब जा, दुल्हन दिखती!"

इकडं थोरली जाऊ वाटूरहून बैलगाडीत हादरे खात आल्ती. केसात धूळ, डोळ्यात धूळ, पदर एकीकडं! आमचे न्यायाधीश, मुन्सफसाहेब, हैदराबादहून नवीनच आलेले, बोलणं सगळं उर्दूत. त्यांनी दोघींकडं पाहिलं आणि थोरलीवर खेकसले, "कटहरे में जाओ! फुंकनी क्यों मारी?"

ती बिचारी घाबरून पिंजऱ्यात चढली आणि म्हणते कशी, "तिनं माझ्या मायचं नाव काढलं, मंग मारू न्हाई तर काय ओवाळू?"

फिर्यादीनंच गुन्हा कबूल केला! केस जागच्या जागी खलास. लुगडं काही परत आलं न्हाई, बायको आजही ऐकवते.

*

दुसरी बाई विळ्याची. दिराला मारायला विळा घेऊन धावली म्हणे. विळा समोर टेबलावर, पात्याला वाळलेले डाग. मुन्सफसाहेबांनी विचारलं, "इसपर खून था?"

बाई किंचाळली, "न्हाई हो साहेब! खून न्हाई!"

"साफ नज़र आ रहा है! था या नहीं?"

"खून न्हाई, खून न्हाई!" बाईनं डोकंच धरलं.

साहेबांचा चेहरा लाल. डोळ्यांदेखत खोटं बोलणारी बाई म्हणजे सजा पक्की! बापूसाहेब सावकाश उठले. "हुजूर, हमारे यहाँ खून आदमी का होता है। वो आदमी, यानी देवर, आपके सामने पान चबा रहा है। विळ्यावर आहे त्याला आम्ही रगत म्हणतो, आणि ते कोंबडीचं आहे। कोंबडी भी देवर ने ही खाई!"

दिरानं पान गिळलं. बाई त्याच दिवशी घरी.

*

ती गेली तरी ठकूबाई आतच. पोलिसांचे अमीनसाहेब दर पेशीला उभे राह्यचे आणि म्हणायचे, "गवाह नहीं आया, मुद्दत दीजिए." मुद्दत मिळायची, बाई परत आत.

या मुद्दतीवर इलाज काढला एका लेकुरवाळीनं. तीही आतच, कडेवर तान्हं. अमीन "मुद्दत" म्हणले की पोरगं असं भोकाड पसरायचं की अदालतीची कबुतरं उडायची! अमीन गप्प झाले की पोरगंही गप्प. पुन्हा "मुद्दत", पुन्हा भोकाड!

शेवटी मुन्सफसाहेबांनी कानावर हात ठेवले. "अमीनसाहब, दूसरी तरफ का वकील आपसे अच्छा है। ज़मानत मंज़ूर!"

बाहेर आल्यावर मी कौतुकानं पोराच्या गालाला हात लावला, तर माय म्हणाली, "गाल न्हाई, वकीलसाहेब, मांडी चोळा त्याची. चिमटे तिथं हायत!"

*

आता एक सुटकेचा. निकाल वाचून झाला आणि मुन्सफसाहेब मोठ्यानं म्हणाले, "रिहा!"

बाईला ऐकू आलं "राहा"! तिनं कमरेवर हात ठेवले. "लई राह्यले! आता एक दिस न्हाई राह्यची! काय करायचं ते करा!" आणि शिपायाला ढकलून ती दाराबाहेर.

साहेब चक्रावले. "ये क्या कह रही है?"

बापूसाहेब हात जोडून म्हणाले, "हुजूर, हुक्म की तामील हो रही है!"

*

मुन्सफसाहेब माणूस वाईट न्हवते, पण त्यांना एक खोड होती. पुरावा कच्चा असला तरी बाई जितके दिवस आत बसली तितकीच सजा द्यायची आणि ती भोगून झाली म्हणून सोडायचं. पोलिसांचीही इज्जत राहिली, बाईही घरी गेली! आम्ही चरफडायचो. बाई घरी जायची, पण कपाळावर चोर लिहून.

एका म्हातारीवर ज्वारीची कणसं खुडल्याचा आळ होता. साहेबांच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, तिला निकाल मराठीत समजावला. "आजी, तुमची सजा भोगून झाली. जावा आता."

म्हातारी जागची हलेना. "सजा झाली?"

"झाली की."

"बरं मंग," म्हातारी म्हणाली, "आता गुन्हा कवा करू तेवढं सांगा!"

पेशकारानं ते उर्दूत सांगितलं. साहेब हसले, मंग हसायचे थांबले. त्यांनी निकाल परत मागून घेतला आणि सजा खोडली. त्या दिवशी मला खुर्ची मिळाली, चहासकट!

*

सुगी आली तेव्हा ठकूबाईची केस उभी राहिली. पाटलानं सकाळीच निरोप धाडला, "कबूल म्हण. काढलेल्या दिवसांत सजा बसवून घेऊ, रातच्याला घरी जाशील. न्हाईतर सालं मोजत बसशील."

मीही घाबरलो होतो. म्हणलो, "ठकूबाई, म्हणून टाका कबूल. लेक वाट बघून राह्यली."

ती म्हणाली, "वकीलसाहेब, आग लावणारीची लेक कोण करून घेईल? मी घरी जाईन, पर ती जलमभर घरीच राहील की!"

बापूसाहेब म्हणाले, "चला, लढू."

पाटलाचा साक्षीदार लांबच्या गावचा, पढवून आणलेला. पिंजऱ्यात ठकूबाईनं पदर पार नाकापर्यंत ओढलेला. साक्षीदार छाती काढून बोलत होता, "दिवेलागणीची येळ, गंजी पेटली आन् ही पळाली! मी बराबर वळखली!"

"तोंड दिसलं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"बिलकुल!"

"कपाळ?"

"कपाळावरचं कुंकूसुदिक! हे एवढं! आगीच्या उजेडात नुसतं चमकत व्हतं!"

पाटील बाकावरून एकदम उठले. मंग बापूसाहेब हलकेच म्हणाले, "ठकूबाई, पदर मागं घ्या."

तिनं घेतला. नवरा जाऊन जमाना झालेली बाई. कपाळ कोरं.

साक्षीदार पाटलाकडं बघायला लागला आणि पाटील जोडे हातात घेऊन दाराकडं! हुसेनाबी भर अदालतीत ओरडली, "या अल्लाह!" मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू?

मुन्सफसाहेबांनी लेखणी उचलली. आज पेशकाराला मधे न घेता ते स्वतः तिच्याकडं वळले आणि अदबीनं म्हणाले, "ठकूबाई, कोई जुर्म साबित नहीं हुआ। आप बरी हैं।"

ठकूबाईनं पदर सारखा केला आणि हात जोडले.

"मी तर पहिल्यापासूनच बरी हाय, साहेब. तुमी बरे हायत ना?"