विचारून हात लावणारे भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, विचारल्याशिवाय कुणाला हात लावत नसत. आणि मी पडले अशी बाई, की समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय मला भाजीचा भावसुद्धा सांगता येत नाही. एकदा डहाणूच्या मासळीबाजारात मी चिखलात सपशेल आडवी झाले. पिशवीतले बोंबील एकीकडे, मी एकीकडे. लोक हसतायत आणि भाऊजी समोर उभे राहून विचारतायत, "वहिनी, हात देऊ का?" मी म्हटलं, "नाहीतर काय, तहसीलदाराकडे अर्ज करू?" तेही हसले. पण हात पुढे आला तो माझं 'द्या' ऐकल्यावरच.

घरी कुणी पाहुणी आली की मी धाकट्या लेकीला ढकलायची, "जा, मावशीला पापी दे." भाऊजी ओट्यावरून म्हणायचे, "तिला विचारा ना आधी. नसेल द्यायची तर नमस्कार करेल." पाहुणी फुगायची, मी ओशाळायची आणि लेक काकाच्या मागे जाऊन उभी राहायची. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "हा आधी असा नव्हता गं. दादाच्या पाठीवर उडी मारल्याशिवाय घरात यायचा नाही."

ते खरं होतं. सरावलीतली आमची शेती बेताची, म्हणून पावसाळा सरला की भाऊजी खलाशी म्हणून गुजरातकडच्या बोटीवर जात. २०१४ साली ते हंगाम अर्ध्यात टाकून परत आले. जेवेनात, बोलेनात, कुणी जवळ गेलं की भिंतीला चिकटायचे. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी, गंजाडला होते; सगळं मागाहून कळलं. घरच्यांनी ठरवलं, समुद्रावरचं वारं लागलंय. आमच्या यांनी त्यांना तलासरीकडच्या एका भगताकडे नेलं. भाऊजी 'नको, नको' म्हणत होते. भगत म्हणाला, "हा नाही, आतलं वारं नको म्हणतंय. धरा घट्ट." चौघांनी धरलं. छातीवर दाबलेले हात यांचे होते. थोड्या वेळाने भाऊजी गप्प झाले आणि सगळे म्हणाले, चला, उतरलं एकदाचं.

मग आली २०१७ सालची, माझ्या भावाची हळद. आमच्याकडे हळदीला नवरदेवाचे हाल बघण्यासारखे असतात. डीजे लावायचा, दोस्तांनी नवरदेवाला आडवा करायचा आणि अंगावरचे कपडे फाडायचे. मी सगळ्यात पुढे, वाटी घेऊन, कंबर सांभाळत नाचत. सदरा फाटला तोवर भाऊ हसत होता. मग हात लेंग्याला गेले आणि तो म्हणाला, "बस रे. सोडा." कोण ऐकतंय?

भाऊजी गर्दीत घुसले. "सोडा त्याला. नको म्हणतोय."

"काय काका, गड्याला कसली आलीय लाज?" दोस्तांतला एक ओरडला.

"नको म्हणतोय," भाऊजी पुन्हा म्हणाले आणि आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढून नवरदेवाच्या पुढ्यात धरला. डीजे बंद पडला.

यांनी त्यांना मांडवामागे ओढत नेलं. मी ताटं आणायच्या निमित्ताने पाठोपाठ. "माझ्या सासुरवाडीत तमाशा करतोस? काय होतं रे तुला?"

भाऊजींनी आधी स्वतःचा दंड सोडवून घेतला. मग खाली बघत सांगितलं, "दादा, बोटीवर तांडेलाने माझ्यावर जबरदस्ती केली. दुसऱ्याने धरलं होतं." तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. भर समुद्रात त्याच्या शब्दापुढे कुणाचं चालत नाही.

हे म्हणाले, "तू काय बाई आहेस? एक ठेवून द्यायची नाही?"

"हात उचलेनात. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. मी गप्प राहिलो, दादा. हो म्हटलं नव्हतं." मग दादाकडे बघत म्हणाले, "भगताकडेसुद्धा नव्हतं म्हटलं."

मी म्हटलं, "भाऊजी, माझा विश्वास आहे तुमच्यावर." त्यांनी मान हलवली, पण डोळे दादावरच होते. हे पाठ फिरवून मांडवात निघून गेले.

पुढची दोन वर्षं भाऊजी तेच एक वाक्य दादाच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. दोघे भाऊ एका पंगतीत जेवायचे. भाऊजी आमटी वाढताना विचारायचे, "वाढू का, दादा?" हे ताट पुढे सरकवायचे. मी मध्ये बसून जगभरच्या गप्पा हाणायची. माझ्या इतक्या बडबडीचा त्या घरात तेव्हा काडीचा उपयोग झाला नाही.

२०१९ मध्ये भाऊजींनी सिल्वासाच्या एका कारखान्यात काम धरलं. त्याच आठवड्यात हे बंदरावर गेले होते. तिथे खलाशी त्याच तांडेलाचं नाव घेऊन हसत होते, की त्याच्या बोटीवर नवा गडी टिकत नाही, आणि का टिकत नाही. घरी येऊन हे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही भाऊजींना सोडायला डहाणूच्या एसटी स्टँडवर गेलो. गाडी लागली तेव्हा हे एकदम म्हणाले, "मी तेव्हा ऐकायला हवं होतं रे. तू खरं बोलत होतास." आणि दोन्ही हात पसरून पुढे झाले.

भाऊजी मागे सरले. त्यांचे डोळे भरले होते. "बरं झालं बोललास. पण जवळ नको, दादा. नाही जमणार."

यांचे हात पसरलेलेच होते. मग ते हळूहळू खाली आले.

भाऊजी अजून घरी आलेले नाहीत. फोन मला येतो. यांची चौकशी करतात, यांना द्या म्हणत नाहीत.

त्या दिवशी घरी आल्याआल्या सासूबाईंनी विचारलं, "नीट भेटलास ना? जवळ घेतलंस त्याला?"

"नको म्हणाला."

"अरे, तो म्हणेल नको. तू मोठा ना?"

"नको म्हणाला, आई," हे म्हणाले आणि चपला न काढता तसेच ओट्यावर बसून राहिले.